तांब्याभर पाण्याचे कारभारी

चेन्नईच्या मूर मार्केट स्थानकातून उत्तरेकडे निघालेली उपनगरी गाडी मींजूर, पोन्नेरी ही स्थानके घेत गुम्मिडिपूंडीला पोहोचते. आंध्र प्रदेशाची सीमा तेथून जवळच आहे. कारखान्यांच्या ह्या परिसराचा आपल्या महाबळेश्वराशी काही संबंध असेल, असे तुम्हांला वाटते का? संबंध आहे, आणि तो पाण्याचा आहे.

महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या कृष्णेच्या पाण्यातून महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेश ह्या राज्यांनी प्रत्येकी ५ अब्ज घनफूट पाणी मद्रास शहराला द्यावे, असा करार १९७६ साली झाला. १९९६ साली हे पाणी कालव्याने प्रथम तमिळनाडूत आले. करारातील सगळे पाणी दर वर्षी पोहोचतेच असे नाही. तथापि, जे येते ते साठवण्यासाठी गुम्मिडिपूंडी तालुक्यात कण्णनकोट्टै–तेर्वॉय कंडिगै येथे नवा जलाशय बांधण्यात आला व २०२० साली तो खुला झाला. त्यात अर्धा अब्ज घनफूट, म्हणजे सुमारे १,४०० कोटी लिटर पाणी मावते. तेव्हा तेथील एखाद्या गृहिणीच्या हंड्यात सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचे थेंब असू शकतात!

नळ कोरडे पडले तेव्हा

२०१९ च्या जून महिन्यात पूंडी, चोळवरम, रेड हिल्स व चेंबरम्बाक्कम हे चेन्नईचे चारही मुख्य जलाशय जवळजवळ कोरडे पडले. १२ जुलै रोजी जोलारपेट्टैहून ५० वाघिणींची गाडी २५ लाख लिटर पाणी घेऊन शहरात आली. महाराष्ट्रातील वाचकांना हे दृश्य अपरिचित नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली अशीच एक गाडी ५ लाख लिटर पाणी घेऊन तहानलेल्या लातूरला पोहोचली होती.

परंतु एक गोष्ट लक्षात घ्या. २०१९ मध्ये ज्या चेन्नईत पाण्यासाठी रांगा लागल्या, तीच चेन्नई २०१५ च्या डिसेंबरात पुराने वेढली गेली होती. पाऊस येतो, पण तो साठवला जात नाही. शिवाय जमिनीखालील साठाही आपण बेसुमार उपसला आहे. मींजूरच्या परिसरात अनेक दशके शहरासाठी, उद्योगांसाठी व शेतीसाठी भूजल उपसले गेले, तेव्हा रिकाम्या झालेल्या थरांत समुद्राचे खारे पाणी कित्येक किलोमीटर आत शिरले. गोड्या पाण्याच्या विहिरी खाऱ्या झाल्या. २०१० साली त्याच भागात समुद्राचे पाणी गोडे करणारा कारखाना सुरू झाला. त्याची उभारणी दिवसाला १० कोटी लिटर पाणी देण्यासाठी करण्यात आली. मात्र अशा पद्धतीने हजार लिटर पाणी गोडे करण्यास साधारण तीन-चार युनिट वीज लागते. म्हणजे पाणी वाया घालवणारा मनुष्य नकळत वीजही वाया घालवत असतो.

ह्या पाण्याची किंमत कोणी दिली?

दावीदाच्या जीवनातील एक प्रसंग तुम्हांला आठवत असेल. बेथलेहेमच्या वेशीजवळील विहिरीचे पाणी प्यावे, अशी उत्कट इच्छा त्याने बोलून दाखवली. त्याचे तीन वीर पलिष्ट्यांच्या छावणीतून वाट काढून ते पाणी घेऊन आले. पण दावीदाने ते तोंडाला लावले नाही. ज्या माणसांनी आपला जीव धोक्यात घातला, त्यांच्या रक्ताइतके ते त्याला मोलाचे वाटले. (२ शमुवेल २३:१५-१७) आपल्या नळाला येणाऱ्या पाण्यासाठीही कोणी तरी किंमत दिलेली असते. कोणाची शेतजमीन धरणाखाली गेली, कोणाची विहीर खारी झाली, तर कोणी भगिनी पहाटे उठून टँकरच्या रांगेत उभी राहिली. हे ध्यानात आले, तर नळ सोडून ठेवण्यास आपला हात धजावेल का?

घरात काय करता येईल?

पुढील गोष्टींना फारसा खर्च येत नाही.

*पाणी.* शॉवरऐवजी बादली व तांब्या वापरा. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी झाडांना घाला. नळ गळत असेल, तर रात्री त्याखाली भांडे ठेवा. सकाळी साठलेले पाणी पाहिल्यावर दुरुस्ती पुढे ढकलावीशी वाटणार नाही. घरातील जलशुद्धीकरण यंत्र बरेचसे पाणी बाहेर टाकून देते. ते साठवून लादी पुसण्यास व संडासात वापरा.

*पाऊस.* एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळते. चेन्नईच्या परिसरात वर्षाला सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या हिशेबाने ५० चौरस मीटरच्या लहानशा छपरावरही ६५,००० लिटर पाणी येते! तमिळनाडूने २००३ साली प्रत्येक इमारतीला पाऊसपाणी साठवण्याची सोय सक्तीची केली. पहिल्या सरींचे धुळकट पाणी वाहू द्या. नंतरचे गाळून टाकीत घ्या किंवा शोषखड्ड्यातून जमिनीत मुरू द्या. दर पावसाळ्यापूर्वी पन्हळी व गाळणी साफ केली नाही, तर ही सोय केवळ नावापुरती उरते.

*स्वयंपाक व कचरा.* कडधान्ये आदल्या रात्री भिजत घाला व कुकरमध्ये शिजवा, इंधन वाचते. भाजीची देठे-साली भोके पाडलेल्या माठात सुक्या पानांबरोबर थर देऊन ठेवा व अधूनमधून हलवा. दोन-तीन महिन्यांत उत्तम खत तयार होते.

*वीज.* साठ वॅटच्या जुन्या दिव्याइतका प्रकाश नऊ वॅटचा एलईडी दिवा देतो. वातानुकूलन यंत्र असल्यास ते २४ अंशांच्या खाली नेऊ नका व जोडीला पंखा लावा.

*पिशवी.* तमिळ घरांत पूर्वी ‘मंजप्पै’, म्हणजे पिवळी कापडी पिशवी, घेऊनच लोक बाजारात जात. तिचा वापर पुन्हा रूढ व्हावा म्हणून २०२१ साली तेथील शासनाने मोहीम सुरू केली. आपल्या आजीची कापडी पिशवीही दाराच्या खुंटीवर पुन्हा टांगता येईल.

एवढ्याने काय होणार?

असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. कारखान्यांचा उपसा, फुटलेल्या जलवाहिन्या आणि बुजवलेली तळी ह्यांचा प्रश्न एका कुटुंबाच्या काटकसरीने सुटणार नाही. त्यासाठी शासनाने व उद्योगांनी आपले काम केले पाहिजे आणि नागरिक म्हणून आपण तशी मागणीही केली पाहिजे. परंतु दुसऱ्याची चूक आपल्याला आपल्या कर्तव्यातून मुक्त करीत नाही. पाच हजारांना तृप्त केल्यावरही येशूने उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले. (योहान ६:१२, १३) जो अन्न निर्माण करू शकत होता, त्यानेही ते वाया जाऊ दिले नाही! काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. आपण वाचवतो, ते दुसऱ्याच्या ताटात व हंड्यात काही उरावे म्हणून. दारी आलेल्या तहानेल्याला मात्र पेला काठोकाठ भरूनच द्यावा.

कुटुंबात चर्चा करण्यासाठी

१. आपल्या घरी येणारे पाणी कोणत्या नदीचे, तलावाचे किंवा विहिरीचे आहे?

२. ते आपल्याला मिळावे म्हणून कोणाला झळ सोसावी लागते?

३. वर सांगितलेल्या गोष्टींपैकी कोणती एक गोष्ट आपण ह्याच आठवड्यात सुरू करू, आणि ती कोण सांभाळील?