यवतमाळचे वकील बापूजी अणे

वाचकहो, सातबारा आता तुम्हांला वाचता येतो. जमीन कोणाच्या नावावर, पीक कोणते, बोजा किती, हे तुम्ही दुसऱ्याला न विचारता सांगता. आज आपण एका वकिलाची गोष्ट वाचू. वकील आपल्याच जिल्ह्यातले. गोष्ट खरी घडलेली आहे.

वकील म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? काळा कोट येतो. तारीख येते. फी येते. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये," असे वाडवडील सांगत आले. आम्हांला ती म्हण अर्धीच पटते. हातभर धुऱ्यावरून भावाभावांनी कोर्टात जाऊ नये, हे खरे. पण कोणी खोटा कागद पुढे केला, त्यावर तुमच्या बापाचा अंगठा दाखवला, आणि शेत माझे म्हणाला, तर? मग पायरी चढावीच लागते. तेव्हा बरोबर वकील लागतो.

माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. लोक त्यांना बापूजी म्हणत. पुढे लोकांनीच त्यांना लोकनायक म्हटले. एक गंमत ध्यानात ठेवा. बापूजी जन्मले तेव्हा यवतमाळ जिल्हा या नावाचा जिल्हाच नव्हता. जिल्ह्याचे नाव वणी होते, आणि जिल्ह्याची कचेरी मात्र यवतमाळला. १९०५ साली पुसद तालुका या जिल्ह्यात आला आणि जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले.

बापूजी नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले. कायद्याची पदवी त्यांनी कलकत्ता विद्यापीठाची घेतली. मधली काही वर्षे अमरावतीच्या एका शाळेत मास्तरकी केली. आणि १९०८ च्या सुमारास यवतमाळला येऊन वकिली सुरू केली.

यवतमाळ तेव्हा लहान गाव. कापसाचा मुलूख. मूर्तिजापूरहून येणारी छोटी आगगाडी १९०३ साली सुरू झालेली. कापूस त्या गाडीने बाहेर जाई. तिलाच पुढे लोक शकुंतला म्हणू लागले. आता ती धावत नाही. कापूस आला तसा पैसा आला, आणि पैशाबरोबर कर्ज आले. कर्जाबरोबर कागद आले. गहाणखत, खरेदीखत, पावती, रोखा. कागद लिहिणारा एक, वाचणारा एक, आणि अंगठा देणारा तिसराच. असा अंगठा दिलेला माणूस शेवटी वकिलाच्या दारात उभा राही.

त्या काळच्या लहान गावातल्या वकिलाचे घर कसे असे, ते जरा पाहू. कचेरी वेगळी नसायची. घराची ओसरी हीच कचेरी. एका बाजूला गादी, लोड, कायद्याची जाड जाड पुस्तके. दुसऱ्या बाजूला सतरंजी. खेड्यातला पक्षकार पहाटे बैलगाडी जुंपून निघे. पक्षकार म्हणजे ज्याची केस आहे तो माणूस. धोतराच्या सोग्यात किंवा फडक्यात बांधलेली कागदांची पुरचुंडी तो सोडी. वकील एकेक कागद उलगडून वाचत. कधी फीचे पैसे हातात येत, कधी पायलीभर ज्वारी येई, कधी तुरीची डाळ, कधी नुसते "सुगीत देतो जी" एवढेच. तारीख लांबली की पक्षकार रात्री ओसरीवरच पडे. त्याच्या भाकरीची काळजी घरच्या बाईला. घरातली मुले पाटी घेऊन त्याच ओसरीच्या कोपऱ्यात बसत. फिर्यादी कोण, आरोपी कोण, हे शब्द ती शाळेआधी शिकत. वकिलाचा धंदा आणि संसार असा एका छपराखाली चाले.

आणि एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. वकिलाला पगार नसतो. ज्या दिवशी तो कोर्टात उभा राहिला नाही, त्या दिवशीची कमाई नाही. सरकारी नोकराला रजा असते. वकिलाच्या घरी रजा म्हणजे चुलीवर ताण. हे ध्यानात ठेवून पुढचे वाचा.

बापूजी लोकमान्य टिळकांचे अनुयायी. गांधीजींबद्दल त्यांना आदर होता, पण गांधीजींचे सगळेच त्यांना पटत नसे. सरकारशी जिथे जमेल तिथे सहकार करू, जिथे जमणार नाही तिथे विरोध करू, असे म्हणणाऱ्या गटात ते १९२६ च्या सुमारास होते. ते कोणाच्या मागे डोळे मिटून जाणारे नव्हते. म्हणूनच १९३० साली त्यांनी जे केले त्याचे वजन जास्त.

६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीच्या समुद्रकाठी मीठ उचलले आणि मिठाचा कायदा मोडला. देशभर मीठ तयार होऊ लागले. आपल्या वऱ्हाडात समुद्र कुठला? अकोला जिल्ह्यात दहीहंडा गावी खाऱ्या पाण्याची विहीर होती. तिच्या पाण्यापासून लोकांनी मीठ केले. पण यवतमाळच्या शेतकऱ्याला मिठापेक्षा दुसरी गोष्ट जास्त बोचत होती. ती म्हणजे जंगल.

इकडे सागाचे जंगल भरपूर. सरकारने त्यातला मोठा भाग राखीव केला. राखीव म्हणजे सरकारच्या परवान्याशिवाय तिथे कोणी काही तोडू नये, काही उचलू नये, गुरे नेऊ नयेत. १९२७ च्या वनकायद्यात हे लिहिले आहे. सागाचे झाड तोडू नये, हे एक वेळ समजते. पण गवत? पावसाळ्यात ते डोक्याइतके वाढते, उन्हाळ्यात वाळते, कधी वणव्यात जळून जाते. आणि जंगलाला लागूनच्या गावात बैल उपाशी. गवत घ्यायचे तर परवाना काढा, पैसे भरा. नाही तर गुरे कोंडवाड्यात, आणि माणूस कोर्टात. आदिवासींचे हाल त्याहून जास्त. जंगल हेच त्यांचे घर, आणि घरातच ते चोर ठरत.

म्हणून ठरले की आपल्याकडे जंगलाचा कायदा मोडायचा. १० जुलै १९३० रोजी बापूजी अणे पुसदला काही स्वयंसेवकांसह राखीव जंगलात गेले. हातात विळा घेतला आणि गवत कापले. उघड्यावर, दिवसाढवळ्या, आधी सांगून. पोलिसांनी त्यांना पकडले. त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली.

त्यानंतर जंगल सत्याग्रह गावोगाव पसरला. वऱ्हाडात आणि मध्य प्रांतात हजारो माणसे विळे घेऊन निघाली. सगळीकडे तो शांततेने पार पडला नाही. कुलाबा जिल्ह्यात चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार झाला. सिवनी जिल्ह्यात तुरिया येथे ९ ऑक्टोबरला गोळीबारात चौघे मेले. त्यांत तीन बाया होत्या. आता कोणी म्हणेल, एवढ्याशा गवतासाठी? गवताचे मोल बैल उपाशी असणाऱ्याला विचारावे.

हा पाठ आम्ही रात्रीच्या वर्गात वाचून दाखवला, तेव्हा मागे बसलेल्या एका बाईंनी विचारले, "पण गुरुजी, वकीलच कायदा मोडाले लागला तं आपन काय करावं?"

प्रश्न मोठा आहे. आम्हांला लगेच उत्तर देता आले नाही, हे कबूल करतो. वर्गात त्यावर बराच वेळ बोलणे झाले. कोणी म्हणाले, कायदा इंग्रजांचा होता म्हणून मोडला. पण इंग्रजांचे कितीतरी कायदे बापूजी रोज कोर्टात पाळत होते, त्यांच्याच आधारे पक्षकाराचे शेत वाचवत होते. कोणी म्हणाले, मोठ्या माणसाला चालते. ते तर साफ चूक. त्यांना शिक्षा झालीच की.

एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बरोबर सांगितले. चोर गवत कापतो तो रात्री कापतो, आणि पकडला गेला तर मी नव्हेच म्हणतो. बापूजींनी दिवसा कापले आणि मीच कापले म्हणाले. कायदा काय आहे, त्याला शिक्षा किती, हे त्या जंगलात बापूजींइतके कोणाला ठाऊक होते? त्यांनी ती शिक्षा आधी मोजली आणि मग विळा उचलला. आम्हांला हे उत्तर पटले. बाईंना पटले की नाही, सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, "त्याहीच्या घरी कोन पाहे मंग?"

हाही प्रश्न खराच. सहा महिने घरचा कर्ता तुरुंगात. कमाई बंद. शिवाय वकिलाला आणखी एक भीती असते. वकिली करण्याचा जो परवाना असतो त्याला सनद म्हणतात. शिक्षा झालेल्या वकिलाची सनद धोक्यात येते. सनद गेली की धंदाच गेला. संसार असलेल्या माणसाने हे पाऊल उचलताना रात्री घरात काय बोलणे झाले असेल, ते आपण आपल्या घरावरून ओळखावे. सत्याग्रही तुरुंगात जाई, त्याचे नाव छापून येई. घरी मागे राहिलेल्या माणसांचे नाव कुठे छापून येत नसे.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. बापूजी मोठ्या मोठ्या जागांवर गेले. १९४१ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. ते एका प्रकारे सरकारच्या मंत्र्याचेच पद. पुष्कळांना ते आवडले नाही. पण फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी कैदेत उपवास सुरू केला, त्यांचा जीव धोक्यात आला, तरी सरकार त्यांना सोडीना. तेव्हा बापूजींनी आणि आणखी दोघांनी राजीनामा दिला. नंतर ते सिलोनमध्ये हिंदुस्थानचे प्रतिनिधी होते. १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल होते. १९६२ साली नागपूरहून लोकसभेवर निवडून आले, तेही कोणत्या पक्षाचे तिकीट न घेता. विदर्भाचे वेगळे राज्य व्हावे, हे त्यांचे मत शेवटपर्यंत होते.

आता गवताकडे परत येऊ. १९२७ चा वनकायदा अजून आहे. पण २००६ साली वनहक्क कायदा झाला. जे आदिवासी पिढ्यान्पिढ्या जंगलात राहतात, त्यांना त्यात हक्क दिले आहेत. कसत असलेल्या जमिनीचा हक्क, गुरे चारण्याचा हक्क, तेंदूपाने, बांबू, मध गोळा करण्याचा हक्क. आपल्याकडच्या गोंड, कोलाम, परधान, आंध बांधवांना हा कायदा माहीत असलाच पाहिजे. जमिनीसाठी ती १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात हवी. आदिवासी नसलेल्यांनाही हक्क मिळतो, पण त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. अर्ज आधी ग्रामसभेपुढे येतो. तेथून उपविभागाची समिती, मग जिल्ह्याची समिती. प्रत्येक ठिकाणी कागद आहे, आणि प्रत्येक कागदावर तारीख आहे. दावा फेटाळला तर त्याचे कारण लेखी मागावे आणि ते घरी आणून सावकाश वाचावे. वरच्या समितीकडे जायला मुदत असते. ती उलटू देऊ नये.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत, असे पुष्कळ जण म्हणतात. त्यासाठी १९८७ चा कायदा आहे. बायका, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग माणसे, कैदेतली माणसे यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यांची कमाई विचारत नाहीत. इतरांना मिळतो, पण त्यांची कमाई ठरलेल्या आकड्याच्या आत असावी लागते. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याच्या कोर्टात विधी सेवा प्राधिकरण. तेथे जाऊन अर्ज द्यावा. १५१०० या नंबरावर फोन करूनही विचारता येते.

वकील मिळाला की तो एका कागदावर तुमची सही घेतो. त्याला वकालतनामा म्हणतात. "माझ्या वतीने या वकिलांनी कोर्टात बोलावे" असा त्याचा अर्थ. तुमचे नाव, समोरच्याचे नाव, कोर्टाचे नाव, वकिलाचे नाव, एवढे त्यावर पाहून घ्या. कोऱ्या वकालतनाम्यावर सही करू नका. घाई असली तरी करू नका. भला वकील तुम्हांला वाचायला दोन मिनिटे देतो. न देणाराही भेटतो.

बापूजी २६ जानेवारी १९६८ रोजी वारले. वय ८७ होते. त्याच वर्षी सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. त्यांनी टिळकांचे चरित्र संस्कृतात हजारो श्लोकांत लिहिले होते. त्या ग्रंथाला १९७३ साली, म्हणजे त्यांच्या मागे पाच वर्षांनी, साहित्य अकादमीचे बक्षीस मिळाले. त्यांचे नातू श्रीहरी अणे हेही वकील. ते महाराष्ट्राचे महाधिवक्ता, म्हणजे राज्य सरकारचे सर्वांत वरचे वकील होते. विदर्भाच्या वेगळ्या राज्याविषयी ते उघड बोलत. त्यावरून वाद झाला, आणि मार्च २०१६ मध्ये त्यांनी त्या जागेचा राजीनामा दिला.