स्केटबोर्डवर पाय बसण्यासाठी



स्केटबोर्डवर उभे राहताना डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला रेग्युलर म्हणतात आणि उजवा ठेवणाऱ्याला गूफी. यात बरोबर-चूक काही नसते, आणि लिहिण्याच्या हाताशी त्याचा पक्का संबंधही नसतो. घरातल्या गुळगुळीत फरशीवर मोजे घालून धावत येऊन घसरले, तर जो पाय आपोआप पुढे जातो तोच बहुधा बोर्डवरही पुढचा ठरतो. जमीन मात्र मागच्या पायाने रेटायची असते. बरेच नवशिके पुढच्या पायाने रेटतात. त्याला मोंगो म्हणतात. सुरुवातीला ते सोपे वाटते, पण दर पुशनंतर दोन्ही पाय हलवून जागेवर आणावे लागतात आणि ट्रिकच्या आधी नीट उभे राहायला सवड उरत नाही. ही खोड पहिल्या काही दिवसांत मोडली तर सहज मोडते. मुरल्यावर तिच्यासाठी सगळे पहिल्यापासून गिरवावे लागते.

लवकर पुढे जाण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग कंटाळवाणा आहे: पहिले काही आठवडे ट्रिककडे न बघता नुसते चालवणे. सरळ पुश करणे, अंग झुकवून वळणे, मागच्या चाकांवर तोल घेऊन नोज (बोर्डचे पुढचे टोक) डावी-उजवीकडे फिरवणे, पाय घासून थांबणे, छोट्या उतारावरून खाली येणे, दोन-तीन इंच उंचीच्या कडेवरून बोर्डसकट उतरणे. ज्याला ऑली ही उडी येते पण नीट वळता येत नाही, असा मुलगा कुठल्याही मैदानावर ओळखू येतो. तो एका जागी उभा राहून टेल (बोर्डचे मागचे टोक) आपटत असतो, आणि बोर्ड चालू लागला की घाबरतो.

बोर्डबद्दल थोडक्यात. खेळण्यांच्या दुकानातला प्लास्टिकच्या ट्रकचा (चाके जोडणाऱ्या आसांचा) बोर्ड वळतच नाही, आणि शिकणारा दोष स्वतःला देत बसतो. मेपलच्या सात थरांचा, साधारण आठ इंच रुंदीचा डेक (उभे राहण्याची फळी) बहुतेकांना चालतो. खरा प्रश्न चाकांचा आहे. चाकाचा कठीणपणा ड्युरोमीटरच्या ए मापावर मोजतात. ९९ए च्या आसपासची चाके कठीण असतात, गुळगुळीत काँक्रीटवर ती उत्तम चालतात आणि ट्रिकसाठी तीच लागतात. आपल्याकडच्या सोसायट्यांत मात्र पेव्हर ब्लॉक असतात. त्यावर कठीण चाके दात वाजेपर्यंत खडखडतात, आणि मध्येच बारीक खडी आली तर चाक जागच्या जागी थांबते. बोर्ड मागे राहतो, माणूस पुढे जातो. शहाबादी फरशीचे सांधेही असेच दगा देतात. अशा ठिकाणी ७८ए च्या जवळपासची मऊ चाके बरी. ट्रायमिक्स केलेले, म्हणजे गुळगुळीत काँक्रीटचे पार्किंग मिळाले तर सोने. सुरू करण्याआधी तिथे झाडू फिरवायला पाच मिनिटे लागतात आणि त्यात बऱ्याच जखमा वाचतात.

पडणे ही वेगळी शिकायची गोष्ट आहे, आणि तिला कोणी वेळ देत नाही. तोल गेला की हात आपोआप सरळ पुढे जातात, सगळा भार मनगटावर येतो आणि तिथले हाड मोडते. गवतावर किंवा जुन्या गादीवर, बोर्डशिवाय, कोपर वाकवून खांद्यावरून लोळण घेण्याचा सराव केला की अंगाला दुसरी वाट माहीत होते. वेग कमी असेल तर त्याहून सोपा उपाय म्हणजे बोर्ड सोडून धावत उतरणे. हेल्मेट आणि मनगटाची पट्टी यांची लाज वाटणे पहिल्या वर्षात परवडत नाही. मनाचा भाग याहून अवघड आहे. पुष्कळ मुरगळलेले घोटे अर्धवट उडीतून येतात. शिकणारा ट्रिक सुरू करतो, हवेत घाबरतो आणि एक पाय बोर्डवर, एक जमिनीवर टाकतो. बोर्ड निघून जातो आणि पाय फाकतात. दोन्ही पाय बोर्डवर आणायचे किंवा दोन्ही बाजूला टाकायचे, हे उडी मारण्याआधीच ठरलेले असले पाहिजे.

आता ऑली, कारण सपाट जमिनीवरच्या बहुतेक ट्रिकचे मूळ तिच्यात आहे. हात न लावता बोर्डसकट हवेत जाण्याची ही युक्ती फ्लोरिडातल्या ॲलन गेलफंड या मुलाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्केटपार्कच्या उतरत्या भिंतींवर काढली. ऑली हे त्याचेच टोपणनाव. ती सपाट जमिनीवर आणली रॉडनी मलन याने, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. बघणाऱ्याला वाटते की बोर्ड पायांना चिकटला आहे. प्रत्यक्षात आधी अंग वर जाते आणि बोर्ड मागून येतो. मागचा पाय टेल जमिनीवर आपटतो, मागच्या चाकांच्या आधाराने नोज वर उठते, आणि टेल जमिनीला लागून उसळली की चारही चाके सुटतात. त्याच क्षणी पुढच्या पायाची बाहेरची कड डेकवरच्या खरखरीत ग्रिप टेपवर घासत नोजकडे सरकते आणि तिरका बोर्ड हवेत सपाट होतो. मागचा पाय वर ओढून घेतला नाही, तर टेलला वर यायला जागाच मिळत नाही.

कुठे चुकते हे बूट सांगतात. घासल्याची खूण पुढच्या बुटाच्या करंगळीकडच्या बाजूला हवी. ती तळव्यावरच असेल, तर पाय सरकत नाही, नुसता उचलला जातो. आवाजावरूनही कळते: स्वच्छ आपटलेली टेल एकदाच आणि कोरडी वाजते, तर भार टेलवरच रेंगाळला असेल तर आवाज दबका येतो. सर्वांत नेहमीची चूक खांद्यांची. ते पुढच्या दिशेने वळतात आणि त्यांच्यामागे बोर्डही हवेत फिरतो. खांदे बोर्डला समांतर ठेवले की निम्मी दुखणी जातात. उभ्या बोर्डवर ऑली थोडीशी जमली की लगेच सावकाश चालत्या बोर्डवर न्यावी. उभ्या बोर्डवर मागे कलून उडी मारण्याची जी सवय लागते, ती चालत्या बोर्डवर पाठीवरच पाडते.

सरावाच्या पद्धतीवर प्रगतीचा वेग सर्वांत जास्त अवलंबून असतो. दोन तास बोर्ड आपटून घरी येणारा पुष्कळदा तीच चूक दोनशे वेळा पक्की करून येतो. दहा प्रयत्नांचा एक डाव धरावा, त्यात एकच गोष्ट बदलावी (पुढचा पाय बोटभर मागे, किंवा नजर बोर्डच्या पुढच्या बोल्टवर) आणि दहांतले किती जमले ते वहीत टिपावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने फरक पडला ते कळत नाही. भिंतीशी बाटली उभी करून तिला टेकवलेला फोन हा उत्तम मास्तर आहे. स्लो मोशनमध्ये पाहिले, की ‘मी तर नीट उडलो होतो’ हा भ्रम तिथल्या तिथे फिटतो.

शरीराच्या कौशल्यांवर झालेल्या संशोधनातले दोन निष्कर्ष इथे थेट उपयोगी पडतात. शे आणि मॉर्गन यांनी १९७९ साली चेंडू हातात घेऊन लाकडी अडथळे पाडण्याच्या वेगवेगळ्या चाली लोकांना शिकवल्या. एका गटाने एक चाल पुरी घोटून मगच दुसरी घेतली, दुसऱ्याने सगळ्या आलटून पालटून केल्या. सरावाच्या वेळी पहिला गट पुढे दिसला, पण दहा दिवसांनी आठवणीत जास्त दुसऱ्याच्या राहिले. म्हणजे ऑली जरा ओळखीची झाली की दहा ऑली, मग पाच शवइट (बोर्ड पायांखाली आडवा फिरवणे), मग मॅन्युअल (मागच्या चाकांवर तोल घेऊन चालवणे), मग पुन्हा ऑली असा फेर धरावा. त्या दिवशी खेळ वाईट झाल्यासारखा वाटतो; फळ पुढच्या आठवड्यात दिसते. दुसरा निष्कर्ष १९९८ चा, गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांचा. स्कीइंगसारख्या हालचालीच्या यंत्रावर ज्यांना स्वतःच्या पायांपेक्षा पायांखालच्या चाकांवर लक्ष द्यायला सांगितले, ते जास्त चांगले शिकले. स्केटबोर्डसाठी याहून जवळचा प्रयोग सापडणे कठीण. ‘गुडघा उचल’ म्हणण्यापेक्षा ‘नोज त्या खांबाकडे ढकल’ ही सूचना अंगाला लवकर कळते.

थकल्यावर सराव थांबवावा. ‘शेवटचा एक प्रयत्न’ म्हणताना पाय जड झालेले असतात, आणि दुखापती त्याच प्रयत्नाची वाट पाहत असतात. रोज पाऊण तास हा रविवारच्या चार तासांपेक्षा बरा.

एकट्याने की मित्रांबरोबर, या वादात दोन्ही बाजू खऱ्या आहेत. कामे वेगळी आहेत. एकांतात घोकंपट्टी होते. मलन लहानपणी फ्लोरिडाच्या ग्रामीण भागातल्या शेतावर राहत होता, आसपास बरोबरीचे स्केटर नव्हते. काँक्रीटच्या लहानशा तुकड्यावर तो एकटा तासन् तास घालवी, आणि आज जगभर मुले ज्या सपाट जमिनीवरच्या ट्रिक करतात त्यांतल्या कितीतरी, किकफ्लिपसुद्धा (बोर्ड हवेत स्वतःभोवती उलटवणे), त्याने शोधल्या. एकट्याला लाज नसते, त्यामुळे तो वाईट दिसणाऱ्या गोष्टी निवांत करू शकतो. उलट्या पायांवर उभे राहून चालवण्याचा सराव एकट्यानेच होतो.

मित्रांचे काम डोळ्यांचे आणि धीराचे. त्यासाठी स्केट नावाचा खेळ सर्वांत चांगला. एक भिडू ट्रिक करून दाखवतो, बाकीच्यांनी तीच करायची. जमली नाही की एक अक्षर अंगावर: एस, मग के, मग ए, टी, ई. पाचही अक्षरे झाली की बाद. दाखवणाऱ्याची स्वतःची ट्रिक चुकली तर राज्य पुढच्याकडे जाते. याचा फायदा असा की माणूस स्वतःहून ज्या ट्रिकच्या वाटेला जात नाही, ती दुसरा त्याच्यापुढे आणून ठेवतो, आणि कच्चे दुवे चारचौघांत उघडे पडतात. भिडू मात्र थोडे वरचढ असावेत, फार नकोत. पायऱ्यांवरून उडी मारायला भरीस घालणारे मित्र या हिशेबात धरू नयेत. उंची आपल्या तयारीने वाढते, दुसऱ्याच्या टाळ्यांनी नाही.

या खेळातली मैत्री कशी असते, याचे उदाहरण टोकियो ऑलिंपिकमधले. स्केटबोर्डिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा तिथेच आले. ४ ऑगस्ट २०२१ ला महिलांच्या पार्क प्रकाराच्या अंतिम फेरीत जपानची मिसुगू ओकामोतो, वय १५, जगात पहिल्या क्रमांकावर असलेली, शेवटच्या प्रयत्नात पडली आणि चौथी आली. ती रडत बाहेर आली, तेव्हा तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या इतर देशांच्या मुलींनी तिला खांद्यावर उचलून घेतले. अवघड ट्रिक घेऊन पडलेल्यालाही दाद देण्याची या खेळात रीत आहे. अशा वेळी बोर्डची टेल जमिनीवर वाजवतात. ज्या टोळक्यात हा आवाज ऐकू येतो, तिथे नवा मुलगा लवकर धीट होतो.

भारतात अशा सोबतीने शिकण्याची साक्ष मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात जनवार गावी मिळते. उलरिके राइनहार्ट या जर्मन बाईंनी २०१५ मध्ये तिथे स्केटपार्क उभारला. नियम दोन: शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही, आणि मुली आधी. मुले एकमेकांचे पाहून शिकत गेली. काल जे जमले ते आज धाकट्याला दाखवणे हाही सरावच, कारण दाखवताना आपण नेमके काय करतो ते पहिल्यांदा शब्दांत मांडावे लागते.

पावसाळ्यात महाराष्ट्रात तीन-चार महिने बाहेरच्या रस्त्यांवर बोर्ड चालवता येत नाही. तेवढ्यात सवय मोडू द्यायची नसेल, तर पायपुसणे किंवा जुनी सतरंजी घालून त्यावर बोर्ड ठेवावा. चाके हलत नाहीत आणि ऑलीतला पायाचा सरकाव, शवइटचे फिरवणे हे सगळे घोटता येते. फक्त खालच्या मजल्यावरच्यांना आधी विचारावे. ओल्या रस्त्यावर बोर्ड नेऊ नये. लाकडाचे थर फुगून सुटतात आणि टेलची उसळी मरते. भिजलाच तर चाके काढून आठही बेअरिंग कोरड्या फडक्याने पुसाव्यात, पंख्याखाली वाळवाव्यात आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा. मग चाक बसवून बोटाने फिरवून पाहावे. खरखर ऐकू आली, तर ती बेअरिंग बदलायची.