भंगारातली गरम सीट, जुनी गाडी

प्रश्न : रोज रोहा-पेण ये-जा करतो, कंबर धरते. कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून गरम होणाऱ्या दोन सीट आणल्यात. माझ्या जुन्या गाडीत त्या थेट बॅटरीला जोडता येतील का?
– एक वाचक, रोहा

उत्तर : थेट मुळीच जोडू नका. सीटमध्ये तापणारी तार आणि उष्णता मोजणारा सेन्सर असतो. वेळेवर वीज तोडणारे नियंत्रक बहुधा मूळ गाडीतच राहून गेलेले असते. ते नसेल तर तार तापतच राहते, फोम करपतो. मधुमेहाने त्वचेची संवेदना कमी झालेल्या माणसाला तर भाजल्याचे कळतही नाही. म्हणून थर्मोस्टॅटसह नियंत्रक मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मल्टिमीटरने तारेचा रोध मोजा. ३ ओहम असेल तर १२ व्होल्टवर ४ अँपिअर वीज जाईल. प्रत्येक सीटला बॅटरीजवळ वेगळा फ्यूज द्या आणि इग्निशनवर चालणारा रिले बसवा. पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा समजा. त्याला मल्टिमीटर लावू नका.

सीट पुरातल्या गाडीची तर नाही ना? जुलै २०२१ मध्ये महाडला कितीतरी गाड्या बुडाल्या. रुळांवर गंज, फोममध्ये गाळ दिसला तर सीट परत करा.

कोकणातल्या उकाड्यात मी आधी कंबरेचा आधार सुधारला असता. तरीही बसवायचीच असेल, तर बोल्टची भोके जुळली पाहिजेत. पातळ पत्र्यावर वेल्डिंग करून सीट बसवू नका; धडकेत ती उखडते.