मोलोकाई बेटावरील धर्मभगिनी
(मार्क 1:40–45 हा भाग वाचावा)

प्रभूने कुष्ठरोग्यास बरे केले ही गोष्ट आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक असते. परंतु बरे करताना त्याने हात पुढे करून त्यास स्पर्श केला, ह्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. नुसत्या शब्दाने काम झाले असते. मग ज्यास कोणी शिवत नसे त्यास शिवण्याचे प्रयोजन काय? ह्याचा विचार करताना हवाई बेटांतील एक हकीकत उपयोगी पडेल.

त्या बेटांत हा रोग फैलावल्यामुळे 1865 साली कायदा झाला, आणि पुढल्या वर्षापासून रोग्यांना घरांतून काढून मोलोकाई बेटाच्या एका टोकास नेऊन सोडू लागले. तीन बाजूंस समुद्र, चौथ्या बाजूस उभा कडा. तेथील 35 रोग्यांनी 1866 सालीच सिलोआमा नावाची प्रॉटेस्टंट मंडळी स्थापिली, हे आपण विसरू नये.

1883 साली राजा कालाकाउआ यांच्या वतीने रोग्यांच्या सेवेसाठी 50 हून अधिक धर्मसंघांकडे विनंती गेली. होकार आला तो अमेरिकेतील सिरॅक्यूज शहराच्या फ्रान्सिस्कन भगिनींकडून. त्यांच्या प्रमुख मदर मेरिएन कोप सहा भगिनींसह 8 नोव्हेंबरास होनोलुलुस उतरल्या. त्या रोमन कॅथलिक. मतांच्या कित्येक बाबतींत आपला व त्यांचा मेळ नाही. पण जखमेस पट्टी बांधण्यात मतभेद तो कसला?

होनोलुलुच्या रुग्णालयातील अंमलदार रोग्यांस वाईट वागवी. तो जाईल, नाहीतर आम्ही परत जाऊ, असे मदर मेरिएन यांनी सरकारास स्पष्ट कळविले, तेव्हा कारभार त्यांच्याच हाती आला. सेवकाने नेहमी मऊच बोलावे असे थोडेच आहे! रोग्यांच्या निरोगी मुलींचे हाल तर निराळेच. त्यांस कोणी घरात घेईना. म्हणून 1885 साली राणी कपिओलानी यांच्या नावाने त्यांच्यासाठी आश्रम निघाला, तोही रुग्णालयाच्या आवारातच.

1888 साली मदर मेरिएन दोन भगिनींसह मोलोकाईवरील कालाउपापास गेल्या. तेथे स्वतः रोगग्रस्त झालेले फादर डेमियन पुढल्या वर्षी वारले. भगिनींनी मुलींचा आश्रम चालविला, झाडे लाविली, मुलींसाठी चांगले झगे शिवले. हातपाय झडलेल्या मुलीस नीटनेटका झगा कशाला, असे एखादा म्हणेल. मदर मेरिएन तसे म्हणत नसत. रोग्याची शुश्रूषा झाली की हात नीट धुवावे, हा त्यांचा कडक नियम होता. 1918 साली त्या तेथेच निवर्तल्या. त्यांस अथवा त्यांच्या भगिनींपैकी कोणासही हा रोग जडला नाही.

आज आपणांस कळते की बहुतेक मनुष्यांचे शरीर ह्या जंतूस दाद देत नाही, आणि औषध सुरू होताच रोग्यापासून इतरांस भय राहत नाही. अंगावर बधिर चट्टा दिसल्यास तो लपवू नये. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते, व सहा महिने ते वर्षभर घ्यावे लागते.

हवाईतील तो कायदा 1969 साली उठला. जाण्यास मोकळीक मिळूनही बरे झालेले कित्येकजण कालाउपापासच राहिले.