🚜 *चाकाचे नट: पाइपवर उभं राहू नका, आकड्यानं आवळा*



सोयाबीनची मळणी उरकत आली, आता उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतील. म्हणून आज पिकावर नाही, चाकावर बोलू.

घरचीच गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी ट्रॉलीचा गंजलेला नट सुटेना म्हणून आमच्या अण्णांनी पान्याला चार फुटी पाइप लावला अन् त्यावर उभे राहिले. पाना सटकला. मनगट मोडलं, ऐन हंगामात दीड महिना हात गळ्यात. तोच नट नंतर गॅरेजवाल्यानं गिअरच्या पान्यानं एका हातानं सोडवला. या पान्याचं नाव *टॉर्क मल्टिप्लायर*.

*१) आधी हिशोब*
नटाला दिलेला पीळ म्हणजे टॉर्क. जोर गुणिले दांड्याची लांबी. ७० किलोचा माणूस १ मीटर पाइपच्या टोकावर उभा राहिला की साधारण ६९० न्यूटन-मीटर टॉर्क पडतो. नटाला २५० च हवा असेल तर?

चाक स्टडवर टांगलेलं नसतं. नट डिस्कला हबवर दाबून धरतो, त्या दाबावर चाक टिकतं. नट ढिला राहिला तर डिस्क हलते, भोकं लांबट होतात, स्टड एकेक करून तुटतात. जास्त आवळला तर स्टड ताणून कायमचा लांबतो अन् दाब धरत नाही. दोन्हीचा शेवट एकच, भरल्या ट्रॉलीचं चाक निखळतं. लोहा–अहमदपूर रस्त्यावर रात्री आपल्या मागं कुणाची तरी मोटरसायकल असते, हे ध्यानात ठेवा.

*२) हा पाना काम कसं करतो*
आत दातेरी चक्रं असतात. तुम्ही हलका जोर जास्त फेऱ्यांनी देता, नटाला कमी फेऱ्यांत मोठा जोर मिळतो. १:५ चा पाना असेल अन् नटाला ६०० न्यूटन-मीटर हवे असतील, तर हातानं १२० च द्यावे लागतात. अर्ध्या मीटरच्या दांड्यावर हा जोर झाला साधारण २४ किलोचा. साध्या पान्याच्या ६० सेंमी दांड्यावर त्याच कामाला १०० किलोच्या वर जोर लागला असता.

*३) घ्यायचा कोणता*
✅ मशीनच्या पुस्तिकेतला आकडा आधी बघा. तो केजी-एम मध्ये असेल तर ९.८ ने गुणा, न्यूटन-मीटर मिळतील.
✅ ३०० पर्यंतच्या नटाला मल्टिप्लायरची गरज नाही. लांब दांड्याचा टॉर्क पाना (आकडा लावता येतो तो) पुरतो.
✅ त्यावरच्या नटांना, म्हणजे जड ट्रॉली, हार्वेस्टर, जेसीबी यांना मल्टिप्लायर घ्या. त्याची कमाल क्षमता तुमच्या आकड्यापेक्षा चांगली जास्त हवी.
✅ पान्यावर किंवा कागदावर *प्रत्यक्ष गुणक* दिलेला हवा. घर्षणात थोडा जोर जातो, म्हणून गिअरचं प्रमाण अन् प्रत्यक्ष गुणक वेगळे असतात. हिशोब प्रत्यक्ष गुणकानं करा.
✅ सॉकेट काळे, इम्पॅक्टचे, सहा कोनांचे घ्या. चकचकीत सॉकेट जोराखाली तडकतात.

⚠️ हँडल फिरवायचे १:५८ चे स्वस्त पाने *फक्त नट सोडवायला* वापरा. हातानं ३० न्यूटन-मीटर दिले अन् निम्मा जोर घर्षणात गेला, तरी नटाला ८७० मिळतात. हाताला काहीच कळत नाही, स्टड मात्र जातो.

*४) वापरताना*
• हँडब्रेक ओढा, बाकी चाकांना दगड किंवा ठोकळा लावा.
• चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा, मग जॅक लावा.
• पान्याची आधार-दांडी शेजारच्या नटावर किंवा भक्कम लोखंडावर टेकवा. ती नटाच्या उलट दिशेला ढकलते. ६०० न्यूटन-मीटरला ३० सेंमीच्या दांडीवर दोनशे किलोच्या आसपास दाब येतो. तिथं बोट सापडलं तर वाचत नाही. पत्र्यावर किंवा व्हॉल्व्हवर टेकवू नका.
• मल्टिप्लायरला पाइप किंवा इम्पॅक्ट गन लावू नका.
• बसवताना डिस्क अन् हबमधली माती, गंज, रंगाचे पोपडे तारेच्या ब्रशनं काढा. काळ्या मातीचा थर नंतर दबतो अन् नट ढिले होतात.
• आट्यांना तेल-ग्रीस पुस्तिकेत सांगितलं असेल तरच. तेल लागलं की त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो.
• नट समोरासमोर, चांदणी काढल्यागत आवळा. आधी हलके, चाक खाली टेकल्यावर पूर्ण आकड्याला.

*५) विसरू नका*
चाक काढून बसवलं, किंवा बीबीएफ पेरणीसाठी ट्रॅक्टरची चाकं आत-बाहेर केली, की पहिल्या भरल्या खेपेनंतर नट पुन्हा आकड्याला तपासा. मग हंगामभर ठरावीक दिवशी. नटाभोवती गंजाची रेघ किंवा चकाकी दिसली तर नट हललाय, गाडी पुढं नेऊ नका.

गावच्या वर्कशॉपमध्ये बांधलेल्या ट्रॉलीला पुस्तिका नसते. आकडा ॲक्सल बनवणाऱ्याकडून लिहून घ्या. मिळेपर्यंत पाइप लावू नका अन् दर खेपेला नट तपासा.

प्रत्येकानं हा पाना घेण्याची गरज नाही. वर्षातून चार वेळा लागणारी वस्तू आहे. गटात मिळून एक मल्टिप्लायर अन् एक टॉर्क पाना घ्या, खर्च वाटून जाईल.

👉 आजचं काम: पुस्तिका काढा, पुढच्या अन् मागच्या चाकाचा आकडा कागदावर लिहून टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा. आकडा सापडत नसेल तर पुस्तिकेच्या त्या पानाचा फोटो मला पाठवा, बघून सांगतो.

– तुमचा कृषी सल्लागार