तळ्यातील माशांचे जिवाणुजन्य रोग : उपचारापेक्षा प्रतिबंध श्रेयस्कर

गावतळी, शेततळी आणि विदर्भातील जुने मालगुजारी तलाव यांमधून रोहू, कटला व मृगळ या माशांचे संवर्धन हा ग्रामीण भागातील अनेक कुटुंबांचा आधार ठरला आहे. 1957 साली कटक येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी प्रेरित प्रजननाचे तंत्र यशस्वी करून दाखविल्यापासून मत्स्यबीजासाठी केवळ नदीवर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही. बीज मुबलक झाले, तसे तळ्यात मासे दाटीने सोडण्याकडेही कल वाढला. या दाटीबरोबर रोग आले. पावसाळ्यात सोडलेली बोटुकली हिवाळ्यात विक्रीयोग्य होऊ लागावी आणि नेमके त्याच वेळी मासे काठाशी येऊन मरू लागावेत, हा अनुभव वर्षाची मेहनत आणि उसनवारीने उभे केलेले भांडवल दोन्ही बुडविणारा असतो.

रोग कसा उद्भवतो?

एरोमोनास हायड्रोफिला या जातीचे जिवाणू गोड्या पाण्यात व तळाच्या गाळात नेहमीच असतात. निरोगी माशाच्या अंगावरील बुळबुळीत आवरण आणि खवले त्यांना थोपवून धरतात. परंतु पाण्यातील प्राणवायू घटला, गाळ कुजू लागला, जाळ्याने खवले निघाले अथवा दाटीमुळे मासा अशक्त झाला, की हेच जिवाणू शरीरात शिरतात. म्हणून रोगाचे मूळ केवळ जिवाणूत न शोधता तळ्याच्या स्थितीत शोधावयास हवे.

लक्षणे

जलोदरात पोटात पाणी साचून ते फुगते, खवले उभे राहतात व डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. पर व शेपटी कुजण्याच्या रोगात प्रथम कडेला पांढरी रेघ दिसते. पुढे पर झिजून फाटतात. कॉलम्नॅरिस रोगात कल्ल्यांवर व त्वचेवर पिवळसर चट्टे पडून कल्ले सडतात. काही रोगांत अंगावर लाल व्रण उठतात. या सर्वांआधी दिसणारी खूण मात्र एकच : मासे खाद्य सोडतात आणि कळपापासून अलग होऊन मंदपणे पोहू लागतात. खाद्य टाकतेवेळी तळ्याकडे लक्षपूर्वक पाहणे ही पहिली तपासणी होय.

प्रतिबंधाचे उपाय

1. बीज सोडण्यापूर्वी तळे आटवून तळाचा काळा गाळ काढावा व ऊन द्यावे. मध्यम जमिनीत हेक्टरी 200 ते 250 किलो, म्हणजे गुंठ्यास सुमारे 2 ते अडीच किलो चुना द्यावा. कोकणातील जांभ्या, आम्लधर्मी जमिनीस तो अधिक लागतो. तेथे माती तपासूनच प्रमाण ठरवावे.

2. बोटुकली खात्रीच्या केंद्रातूनच घ्यावी. पिशवी 15 ते 20 मिनिटे तळ्यात तरंगत ठेवावी व तळ्याचे पाणी थोडे थोडे तीत मिसळून मगच बीज सोडावे.

3. दाटी टाळावी. तळ्याची खोली, पाण्याची सोय व खाद्य यांना झेपेल इतकेच बीज सोडावे.

4. शेणखत व पेंड बेताने द्यावी. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडविला असता त्यापूर्वीच तळवा दिसेनासा झाला, तर पाणी फार गढूळ वा हिरवे झाले असे समजून खत थांबवावे. प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. त्या वेळी मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेत असतील, तर ताजे पाणी सोडावे.

5. एका तळ्याचे जाळे उन्हात चांगले वाळविल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात टाकू नये.

रोग दिसल्यावर

खाद्य व खत ताबडतोब थांबवावे आणि शक्य असल्यास पाणी बदलावे. मेलेले मासे पाण्यात वा काठावर न टाकता दूर खड्ड्यात चुन्यासह पुरावेत. हातास जखम असल्यास रोगट मासे हाताळू नयेत. आजारी, परंतु जिवंत मासा नमुन्यादाखल घेऊन जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाचा सल्ला घ्यावा. कुजलेल्या माशावरून निदान होत नाही.

दुकानातून प्रतिजैविक आणून खाद्यात मिसळण्याचा मोह अनेकांस होतो. पण आजारी मासा खातच नाही. औषध निरोगी माशांच्या पोटात आणि पाण्यात जाते. अशा वापराने जिवाणू त्या औषधास दाद देईनासे होतात व अवशेष खाणाऱ्याच्या ताटात पोचतात. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांच्या वापरास तर आपल्या देशात मत्स्यसंवर्धनासाठी मनाईच आहे.

मेलेल्या माशाला औषध नाही आणि आजारी माशापर्यंत ते सहसा पोचत नाही. काही किलो चुना, बेताचे बीज आणि रोज सकाळी तळ्यावरील एक फेरी एवढ्या खर्चात वर्षाचे पीक राखता येते. मत्स्यसंवर्धकांनी ही दक्षता बीज सोडण्याच्या दिवसापासूनच घ्यावी.