अनारसे हसले तो दिवस

24 ऑक्टोबर 2019, गुरुवार. विधानसभेचा निकाल त्या दिवशी लागला, म्हणून ही तारीख पुष्कळांच्या लक्षात असेल. माझ्या लक्षात ती सुनेच्या पायामुळे राहिली. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी होती आणि आमच्या ओसरीत कढईतलं कढत तूप तिच्या उजव्या पावलावर सांडलं.

त्या साली परतीच्या पावसानं काय केलं ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. काढून ठेवलेलं सोयाबीन गंजीतच काळं पडलं, शेंगांना कोंब आले. आम्ही पूर्णेत राहतो, शेत जवळच्या खेड्यात. दसरा गेला, कोजागिरी गेली, घरातलं जो तो ताडपत्री घेऊन शेताकडे पळत होता. फराळाचं सामान पिशव्यांत तसंच पडून. मग दिवाळी दोन दिवसांवर आली आणि मी ठरवलं की सगळं एकाच दिवशी उरकायचं. सगळं म्हणजे चिवडा, शेव, करंज्या, अनारसे, आणि नातवाला कबूल केलेला आकाशकंदीलसुद्धा. माझी पहिली चूक ही. बाकीच्या हिच्याच पोटातून निघाल्या.

एरवी आमचं तळण अंगणात असतं. तिथे मोकळी हवा, लेकरं लांब. त्या दिवशी अंगणात चिखल, म्हणून शेगडी ओसरीत घेतली. शेगडी म्हणजे छोटी गॅसची टाकी आणि तिच्या डोक्यावरच बसवलेला बर्नर. त्यावर गोल बुडाची लोखंडी कढई. त्याच ओसरीत पलीकडच्या टोकाला नातू कंदील घेऊन बसला होता, कारण कागद भिजू नये म्हणून त्यालाही छप्पर हवं होतं. बल्ब लावून बघायचा म्हणून माजघरातल्या बोर्डावरून वायर ओढलेली. ती कुठून गेली होती? टाकीच्या मागून. मी स्वतः ती दोनदा ओलांडली आणि दोन्ही वेळा मनात म्हटलं, एवढा घाणा झाला की बाजूला करते.

आता अनारशांचं सांगते, कारण माझं सगळं लक्ष त्यांनीच खाल्लं होतं. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी उपसून सुती कापडावर सावलीत पसरायचे. खडखडीत वाळवायचे नाहीत. हाताला किंचित ओल लागली पाहिजे, पण मूठ दाबली तर तांदूळ हाताला चिकटता कामा नये. मग दळून, बारीक चाळून, किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून मळायचं आणि गोळे डब्यात निदान चार दिवस मुरू द्यायचे. त्या साली हवा इतकी दमट होती की तांदूळ सुकेचनात. गूळही पाझरत होता. मी तशाच ओलसर तांदळाचं पीठ केलं आणि चार दिवसांऐवजी एका रात्रीवर थापायला घेतलं. व्हायचं तेच झालं. पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. कडा सुटल्या, जाळी फाटली, सगळा तुपात पसरला. दुसरा तसाच, तिसराही तसाच. कढईत चुरा जमला, तूप काळवंडायला लागलं. मी वैतागून आच वाढवली. वाटलं, तूप कडक झालं की धरतील. प्रत्यक्षात अनारशाला मंद आच लागते. आच वाढली की कड जळते आणि मधला भाग कच्चाच राहतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही, चाळीस वर्षं अनारसे करत आले होते. पण घाईत माणूस माहीत असलेलंही विसरतो.

सून समोर पाटावर बसून खसखशीवर थापत होती. तेवढ्यात नातू ओरडला, “आज्जी, लागला बघ!” कंदील उजळला होता. तो नीट दिसावा म्हणून पोर मागे मागे सरकलं, पाय वायरीत अडकला, वायर ताणली गेली, टाकी हलली आणि गोल बुडाची कढई सुनेच्या बाजूला कलली. तिनं अंग मागे घेतलं, पण पाटावर मांडी घालून बसलेलं माणूस किती चटकन उठणार? पाऊल तुपाखाली सापडलं. जाळ भडकला, तो मी चावी फिरवून बंद केला. त्या दिवशी माझ्या हातून झालेली बरोबर गोष्ट तेवढीच.

कारण पुढे मी जे केलं ते चुकीचं होतं. घरात एकच गोंधळ. शेजारच्या बाया धावून आल्या. कुणी म्हणालं हळद, कुणी बटाट्याचा कीस. माझ्या हाताला टूथपेस्ट लागली. थंड वाटते, आई लावायची, म्हणून मी ती सुनेच्या भाजल्या पावलावर जाडसर थापली. पाणी ओतलं नाही. पाणी ओतलं की फोड येतात असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. हे खोटं आहे. फोड भाजल्यामुळे येतात, पाण्यामुळे नाही. तुपाची ती धग वरचं तूप पुसल्यावरही कातडीच्या आत उतरत असते. ती बाहेर काढण्याचा घरात एकच मार्ग असतो, पाणी. पेस्टनं मी ती आत कोंडून ठेवली.

दवाखान्यात डॉक्टरांना आधी ती वाळलेली पेस्ट काढावी लागली. माझी सून सोसणारी आहे, बाळंतपणातही ती ओरडली नव्हती. त्या दिवशी ओरडली. त्यात पाऊल सुजून अंगठ्याशेजारच्या बोटातली जोडवी इतकी रुतली की कापावी लागली. लग्नातली चांदीची जोडवी. मला ती पेस्ट लावण्याऐवजी काढून घेता आली असती, तेव्हा ती सहज निघत होती. भाऊबीजेला तिचा भाऊच इकडे आला. दीड महिना तिला पायात चप्पल घालता आली नाही. डाग आजही आहे.

तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या प्रत्येक घरी मी हे सांगत आले, आता लिहून सांगते.

शेगडी पेटवायच्या आधी शेजारी पाण्याची भरलेली बादली आणि तांब्या ठेवा. आपल्याकडे चोवीस तास नळ कुणाकडे असतो? गरज पडेल तेव्हा तोटी कोरडी असेल, असं धरूनच चालावं. भाजलं तर तांब्यातांब्यानं साधं पाणी ओतत राहायचं, घड्याळ लावून 20 मिनिटं. एक बादली पुरत नाही. कुणाला तरी दुसरी भरायला धाडा. बर्फ लावू नका, त्यानं कातडीला वेगळी इजा होते. पाणी ओतता ओतताच जोडवी, पैंजण, अंगठी, बांगड्या काढून घ्या, कारण अर्ध्या तासात सूज येते. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढू नका. फोड फोडू नका. मग धुतलेल्या सुती कापडानं सैल झाकून दवाखाना गाठा. जखम तळहातापेक्षा मोठी असेल किंवा तोंडावर, हातापायांवर, सांध्यावर असेल, किंवा लेकरू भाजलं असेल तर घरी थांबून बघायचंच नाही. 108 नंबर फिरवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारून घ्या.

आणि तुपानं किंवा तेलानं पेट घेतला तर त्याच बादलीतलं पाणी त्यावर ओतू नका. पाणी अंगासाठी, जळत्या कढईसाठी नव्हे. पाणी तेलाखाली जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि वाफ पाण्याच्या सुमारे 1700 पट जागा घेते. ती पेटलेलं तेल छपरापर्यंत उडवते. गॅस बंद करायचा, कढईवर परात उपडी घालायची आणि परात गार होईपर्यंत उचलायची नाही. पेटती कढई उचलून अंगणाकडे धावायचं तर मुळीच नाही. म्हणून परात घासून मोरीत पालथी ठेवू नका, तळण चालू असेपर्यंत शेगडीजवळ असू द्या. तळायला बसताना सुती साडी नेसा, पदर खोचा. नायलॉनचं कापड वितळून अंगाला चिकटतं. कढई अर्ध्याच्या वर भरू नका आणि जमिनीवर तळणार असाल तर बुडाला तीन पायांची भक्कम बैठक हवी. टाकीवरच्या बर्नरवर मी आता दुधाचं पातेलं ठेवते, तळणाची कढई नाही.

पण खरं सांगायचं तर बादली आणि परात या वेळ आल्यावरच्या गोष्टी. वेळ येऊ द्यायची नसेल तर काम पसरा. दसरा ते दिवाळी हे वीस दिवस आपल्या आयाबायांनी उगाच राखून ठेवलेले नाहीत. अनारशाचं पीठ मी आता कोजागिरीच्या आधीच करते. गुळात मुरलेले गोळे महिनाभर टिकतात. हवा दमट असेल तर तांदूळ पंख्याखाली सुकवते, दिवसभर लागला तरी चालतो. तळायच्या दिवशी आधी एकच अनारसा टाकून बघायचा. हसला, तर कढई खाली उतरवायची आणि गोळ्यात थोडं अनारशाचंच कोरडं पीठ मळून पुन्हा झाकून ठेवायचं, उद्या बघायचं. पीठ फार कोरडं वाटलं, थापताना कडा चिरल्या, तर दुधाचा नुसता हात लावायचा. खसखशीची बाजू वर ठेवून सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं. जाळी सुटते. एका वेळी एकच. दहा अनारशांना पाऊण तास लागतो, आणि तो द्यावाच लागतो.

कंदिलाचंही तसंच. तो फराळाच्या दिवशी करायचाच नाही. बुरुडाकडून कामट्या आणून आम्ही आता नवरात्रातच सांगाडा बांधतो, कागद पुढच्या रविवारी. मैद्याच्या खळीत पूर्वी कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायचे. लहान लेकरं असतील तर ते टाळा, मोरचूद विष आहे. लागेल तेवढीच ताजी खळ शिजवा. आत जुना 60 वॅटचा बल्ब घालू नका, तो इतका तापतो की पतंगी कागद करपतो. पाच-सात वॅटचा एलईडी पुरे. आमच्याकडे दिवाळीतही पाऊस येतो, म्हणून बाहेरच्या वायरीला मध्ये जोड नको, एकसंध वायर घ्या. बटण बंद करून, पायात चप्पल घालूनच कंदील टांगा. लेकरांना कापू द्या, चिकटवू द्या, झिरमिळ्या लावू द्या. वायरीचं काम मोठ्यानं करायचं.

खेड्यात आमच्या लहानपणी गुराखी पोरं लव्हाळ्याची दिवटी विणायची आणि तिच्यात वात पेटवून दारोदार गाईम्हशींना ओवाळायची. आता ती विणणारे हात कमी उरलेत. मी नातवाला शिकवली आहे, लव्हाळं पूर्णा नदीच्या काठावर हवं तेवढं मिळतं. ओलं लव्हाळं दोन दिवस सावलीत सुकवून विणलं तर गाठी घट्ट बसतात. दिवटी हातात देताना मी एवढंच बघते की त्याच्या अंगात सुती सदरा आहे आणि सोबत मोठं माणूस आहे. नव्या पणत्याही रात्रभर पाण्यात बुडवून, वाळवून मग लावाव्यात, म्हणजे कोरी माती तेल पीत नाही. दारात पणत्या उंबऱ्यावर नकोत, कडेला कोनाड्यात हव्यात. उंबऱ्यावरून साडीचे घोळ जातात.

हे सगळं घरी करायचं सोडून द्यावं, विकत आणावं, असं मला त्या दिवाळीनंतर कितीतरी जणींनी सुचवलं. मी सोडलं नाही, आणि सुनेनंही नाही. पुढच्या साली तीच म्हणाली, “आई, अनारसे मी करते, तुम्ही नुसतं समोर बसा.” ओसरी मोकळी केली होती, लेकरं शेजारी पाठवली होती. तिनं एक अनारसा सोडला. तो टिकला, जाळी पडली. तेव्हापासून अनारसे तळणं तिच्याकडेच आहे.

नातू आता मोठा झाला आहे. दिवाळीत तळणाच्या दिवशी सकाळी बादली भरून शेगडीजवळ ठेवायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं आहे, त्याला सांगावं लागत नाही. तुमच्या घरी हे काम कुणाकडे आहे ते यंदा दसऱ्यालाच ठरवून टाका.